टॉवेलाखालचा सौदा

आमच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून एक बाज उभी आहे. सागाचे पाय आणि घट्ट ताणलेला काथ्या. सिन्नरच्या बाजारात विणणाऱ्याला समोर बसवून मी ती विणून घेतली होती. तो दोनदा म्हणाला, "शेठ, लय ताणू नका, तुटंल." मी म्हणालो, "माझी लेक बाळंतपणाला येणार आहे. झोळ पडला तर तुलाच उचलून आणीन."

लेक लग्न होऊन अमेरिकेत गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे तो मोडायची कुणाची हिंमत होत नाही. मी खोलीला रंग दिला. शेक द्यायला शेगडी आणली. डिंक, खारीक, हाळीव यांसाठी नाशिकच्या रविवार कारंजावरची तीन दुकानं पालथी घातली, कारण पहिल्या दोघांनी मला गिऱ्हाईक समजून भाव सांगितला होता. मग लेकीचा फोन आला. तिथल्या डॉक्टरनं प्रवासाला नाही म्हटलं होतं. मी म्हणालो, "हरकत नाही. तू येऊ शकत नाहीस तर तुझी आई तिकडे येईल."

ती म्हणाली, "अप्पा, सासूबाई येताहेत. त्यांचं तिकीट काढलंय."

मी फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसलो. बायको आत बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "तिची सोय तिनं बघितली. आपण कशाला मधे पडायचं?"

त्याच उन्हाळ्यात, ही तयारी झाल्यावर आणि लेकीचा फोन यायच्या थोडं आधी, माझ्या छातीची शस्त्रक्रिया झाली होती. पण ती वेगळी गोष्ट, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. मी तर लवकरच दुकानात बसायला लागलो होतो.

तेव्हापासून बायको दर उन्हाळ्यात त्या बाजेवर कुरडया वाळत घालते, आणि दर उन्हाळ्यात माझं डोकं फिरतं.

मी फार शिकलेला माणूस नाही. सातवीनंतर शाळा सोडली आणि मामाच्या मागं बैलबाजार फिरू लागलो. मामा दलाल होता. पुढं मीही झालो. मग शेतात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि दिंडोरीकडे द्राक्षबागा वाढल्या तसं मी ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं. कुणी हात धरून वर आणलं नाही. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिचा पगार घर चालवायचा आणि माझा राग दुकान चालवायचा, असं ती म्हणते. माझा आवाज चढला की गिऱ्हाईक घाबरून भाव करणं सोडायचं.

लेक दरवर्षी बोलवायची. मी दरवर्षी म्हणायचो, दुकान कोण बघणार? मग गुडघे कुरकुरायला लागले, दुकान पुतण्याच्या हाती दिलं, आणि बायको निवृत्त झाली. ती एका सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, आता तुमच्याकडे कारण उरलं नाही."

"व्हिसा मिळायचा नाही."

"मिळाला तर?"

मिळाला. तिकिटाच्या एजंटाशी मी इतकी घासाघीस केली की शेवटी त्यानं मानेखाली घ्यायच्या दोन उशा फुकट दिल्या आणि हात जोडले. सहा महिने राहायचं ठरलं. बायकोनं काळा मसाला, मेतकूट, बेदाणे, आणि नातीसाठी दोन खण बांधून घेतले. मी एक पंचा घेतला. खांद्यावर पंचा नसला की मला अंगात सदरा नसल्यासारखं वाटतं. बायको त्याला टॉवेल म्हणते, म्हणून आता सगळेच म्हणतात.

लेकीचं घर अमेरिकेच्या मधल्या भागात आहे. घराच्या मागं पाच मिनिटं चाललं की मका सुरू होतो, तो कुठं संपतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. जावई चांगला माणूस आहे. कमी बोलतो, भांडी घासतो. त्याच्यावर रागवायला काही सापडत नाही, हा त्याचा एकच दोष.

पण ते घर विहीणबाईंचं होतं. म्हणजे त्या तिथं नव्हत्या, त्या मनमाडला आपल्या घरी होत्या. व्याही रेल्वेत होते, ते गेल्यावर त्या एकट्याच तिथं राहतात. पण अमेरिकेतल्या त्या स्वयंपाकघरात जिथं हात घालावा तिथं त्यांचा हात आधी पोचलेला. डब्यांवर त्यांच्या अक्षरात नावं. लाटणं कुठं, तर सासूबाईंनी लावलेल्या खिळ्याला. नातीच्या अंगावर त्यांनी शिवलेली गोधडी, इतकी धुतलेली की मूळ रंग ओळखू येऊ नये.

पहिल्याच आठवड्यात नात जेवताना म्हणाली, "आजी हिंग आधी घालते."

बायको म्हणाली, "मी कुठं आधी घातला?"

"तू नाही. आजी. तू नाशिकची आजी."

बायको हसली आणि तिला आणखी वरण वाढलं. मी हसलो नाही. एक आजी नुसती आजी, आणि दुसरीला गावाचं नाव लावायचं. एसटीच्या पाटीसारखं.

नात सात वर्षांची. मराठी बोलते, पण शब्द निवडून, जसं कुणी चिखलातून कोरडे दगड बघत चालावं. मला ती आबा म्हणते. सुरुवातीला ती माझ्या आवाजाला घाबरायची. मी नुसतं "पाणी दे" म्हटलं तरी आईकडे बघायची. ती बिचकायची बंद झाली ती एका शनिवारच्या बाजारामुळे.

त्यांच्याकडे शनिवारी एका चर्चच्या आवारात शेतकरी आपला माल घेऊन बसतात. मला तिथं नेलं आणि कितीतरी दिवसांनी माझा जीव थाऱ्यावर आला. तंबू, टेबलं, टोपल्या, मातीचा वास. एक म्हातारा शेतकरी होता, खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार, माझ्याच वयाचा. त्याच्याकडची मक्याची कणसं मी नखानं दाबून बघितली. दूध बाहेर आलं. माल चोख होता. पण पाटीवर भाव लिहिलेला, आणि लोक येत होते, पाटी वाचत होते, पैसे ठेवून जात होते. कुणी एका शब्दानं बोलत नव्हतं. मला त्या म्हाताऱ्याची दया आली. सकाळपासून बसलाय आणि त्याच्याशी कुणी भांडलंसुद्धा नाही.

लेक पलीकडे फुलं बघत होती. नात माझ्याजवळ होती. मी कणसाच्या ढिगाकडे बोट दाखवलं, म्हाताऱ्याचा उजवा हात हातात घेतला, वरून टॉवेल टाकला आणि आत त्याची तीन बोटं दाबली.

ही आमची बैलबाजारातली रीत. भाव तोंडानं करायचा नाही. शेकडा की हजार एवढं आधी ठरवायचं, मग हातात हात घ्यायचा, वर कापड टाकायचं. जितकी बोटं दाबली तितका भाव, अख्खी मूठ धरली की पाच. भोवती पन्नास माणसं बघत उभी असतात, पण भाव फक्त दोघांना कळतो. म्हणून सौदा मोडला तरी कुणाचं नाक कापलं जात नाही.

म्हाताऱ्याला हे कोण सांगणार? तो हात तसाच ठेवून उभा राहिला. मग त्यानं हळूच डोक्यावरची टोपी काढली, डोळे मिटले आणि मान खाली घातली. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी प्रार्थना करतोय.

आता हात सोडायचा कसा, हे मला कळेना. मी पण मान खाली घातली.

नातीनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तोंडावर हात दाबून खाली बसली. लेक धावत आली. "अप्पा, काय करताय?"

"भाव करतोय."

"इथं भाव करत नाहीत."

"त्याला विचार, देतो का."

लेकीनं लाजत त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं डोळे उघडले, टोपी घातली आणि मोठ्यानं हसला. मग टॉवेलाखालून त्यानं माझी चार बोटं दाबली. मी तीनवर आलो. त्यानं परत चार. मी चारवर मान हलवली, कारण पाटीवर पाच होते. घरी येईपर्यंत लेक सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती. फक्त एकदा आरशातून माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या ओठाचा एक कोपरा हलत होता. लहानपणी ती माझ्या सायकलवर पुढं बसायची, तेव्हा हसू दाबताना असंच करायची.

त्या दिवसापासून नात माझ्या मागं लागली. तिला सगळं शिकायचं होतं. मी शिकवलं. एक बोट, दोन बोटं, मूठ. मी विकणारा, ती घेणारी. कधी आंघोळीचा सौदा, कधी दुधाच्या पेल्याचा. मग तिला दलाल व्हायचं होतं.

"दलाल काय करतो, आबा?"

"याचा भाव त्याला सांगत नाही, त्याचा याला सांगत नाही. दोघांच्या मधे फिरत राहतो. आपलं तोंड बंद ठेवतो."

"आणि सौदा अडला तर?"

"मग दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, वर कापड टाकायचं आणि आपण आभाळाकडे बघायचं."

"का?"

"आपण बघत असलो की माणूस खरा भाव सांगत नाही."

तिनं हे सगळं डोक्यात ठेवलं. मला वाटलं, खेळ आहे.

दिवस बरे चालले होते. बायकोनं मागच्या अंगणात मेथी लावली. मी जावयाच्या कुंपणाची फळी बसवली. दोन महिने संपत आले होते, म्हणजे अजून चार हातात होते. लेक रोज कामावरून आली की आईच्या शेजारी ओट्याशी उभी राहायची, काही काम नसलं तरी. दोघी फार बोलायच्या नाहीत. लेक नुसती आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. मी ते बघायचो आणि मनात म्हणायचो, एवढं आहे तर तेव्हा कुठं गेलं होतं?

श्रावणातल्या एका रविवारी लेकीकडे सत्यनारायण होता. तिथली मराठी कुटुंबं जमली. प्रसाद घेताना एक बाई माझ्या बायकोला म्हणाली, "तुमच्या विहीणबाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं हो. हिच्या बाळंतपणात त्यांनी काय केलं म्हणून सांगू. आईनं केलं नसतं इतकं."

बोलणारीच्या मनात काही नव्हतं. बायको म्हणाली, "हो, त्यांचा हातच तसा आहे." आणि तिला आणखी प्रसाद दिला. मी पानावर होतो, तो हात धुवून उठलो.

पाहुणे गेले. उजेड अजून होता, तिकडे उन्हाळ्यात लवकर अंधार पडत नाही. लेक भांडी आवरत होती. मी म्हणालो, "ऐकलंस ना? आईनं केलं नसतं इतकं."

"अप्पा, त्या सहज बोलल्या."

"सहजच खरं बोलतात लोक. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. तुझ्या आईला करायला काय झालं होतं? तिला काय येत नाही? का आमच्याकडे बाळंतपण म्हणजे कमीपणा?"

"मला याच्यावर बोलायचं नाही."

"सात वर्षं हेच. बोलायचं नाही. मी खोली रंगवली. बाज विणून घेतली. माझ्या घरात अजून उभी आहे ती बाज."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग ती जिना चढून वर गेली. जावयानं पातेलं उचललं आणि घासायला घेतलं.

मी त्याच संध्याकाळी नाशिकला पुतण्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. म्हणालो, एजंटाला गाठ आणि तिकीट अलीकडे ओढ, जितकं लवकर मिळेल तितकं. बायको खुर्चीत बसून ऐकत होती. तिनं मला अडवलं नाही. नात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकत होती, ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पायरीवर चहा घेत होतो. नात आली. तिच्या खांद्यावर माझा टॉवेल होता, जमिनीपर्यंत लोंबणारा.

"आबा, मी दलाल."

"आज नको."

"सौदा आहे. नाशिकला जायचा. बोट म्हणजे आठवडा." तिनं हात पुढं केला. "तोंडानं नाही बोलायचं."

मी तिचा हात घेतला. तिनं टॉवेल टाकला. मी एक बोट दाबलं. एका आठवड्यात जातो. तिचा चेहरा हलला नाही, तिला तसं शिकवलं होतं. ती आत गेली. खिडकीतून मला दिसलं, लेक ऑफिसची पिशवी घेऊन उभी होती, डोळे सुजलेले. तिनं नातीला बाजूला सारलं नाही. टॉवेलाखाली हात दिला.

नात बाहेर आली. "दुसरी पार्टी लय जास्त बोलते."

हा 'लय' तिनं माझ्याकडून उचलला होता. मला हसू आलं असतं, पण मी येऊ दिलं नाही. परत एक बोट दाबलं. ती आत गेली. मग बाहेर. मग आत. माझा आकडा तोच. असा दलाल मी बाजारात बघितला नाही, चेहऱ्यावर काही नाही, नुसते कान लाल झालेले.

शेवटी ती आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. पायरीवर माझ्या शेजारी बसवलं. माझा हात तिच्या हातात दिला, वर टॉवेल टाकला, आणि आपण चार पावलं जाऊन मेथीच्या वाफ्यापाशी आभाळाकडे बघत उभी राहिली.

लेकीचा हात मी किती वर्षांनी धरला होता कुणास ठाऊक. लग्नात दिला तेवढाच. कामानं खरखरीत झालेला, करंगळीला जुनी भाजल्याची खूण, ती तशीच. मी वाट बघत होतो, ती किती बोटं दाबते. तिनं एकही दाबलं नाही. माझी मूठ धरली. मग सोडली, परत धरली. मग परत. एवढे आठवडे व्हिसात बसतही नव्हते. ती फक्त धरत होती आणि सोडत होती, आणि तिचं अंग हुंदक्यांनी हलत होतं, आवाज न करता.

भाव करताना समोरचा रडला तर काय करायचं, हे मामानं शिकवलं नव्हतं.

मागं जाळीचं दार वाजलं. बायको येऊन उभी राहिली. हातात कणीक तशीच.

"तिला काही विचारू नका," ती म्हणाली. "तिला मी नको म्हटलं होतं."

"काय नको म्हटलं होतंस?"

"मी येत नाही म्हणून. तिनं आधी मलाच बोलावलं होतं. सासूबाईंना नाही. रोज फोन करायची, आई कधी येतेस. तुमच्या छातीचे टाके ओले होते. मी तुम्हाला टाकून कशी जाणार होते?"

"मला सांगायचं होतंस. मी पाठवलं असतं."

"म्हणूनच सांगितलं नाही. तुम्ही मला दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं आणि स्वतः दुकानात पाइपांवर चढला असता. मी इकडे तिचं बाळ हातात घेतलं असतं आणि तिकडे तुम्ही..." तिनं बोटांवरची कणीक खरवडली. "तिला पोटातल्या लेकराची शपथ घातली, अप्पांना सांगायचं नाही. मग तिनं सासूबाईंना विचारलं."

लेक म्हणाली, "आई, पुरे."

"पुरे कसं? सात वर्षं तू ऐकून घेतेस."

मी बायकोला म्हणालो, "मी बरा झाल्यावर तरी सांगायचंस."

"सांगणार होते. पण तुम्ही तिच्यावर चिडलात आणि म्हणालात, मी आता ठणठणीत होऊन दाखवतो. गोळ्या वेळेवर, चालणं वेळेवर. मी म्हटलं, राग तर राग, माणूस बरा होतोय. मग नंतर इतके दिवस गेले की सांगायचीच भीती वाटायला लागली."

मेथीच्या वाफ्याजवळून नात म्हणाली, "मी अजून वर बघू का? मान दुखते."

लेक रडता रडता हसली. ओठाचा तोच कोपरा. माझा हात अजून टॉवेलाखालीच होता, आणि उत्तर माझ्याकडून यायचं होतं. मी तिचा हात मुठीत धरला. मग सोडला नाही. बैलबाजारात असं केलं तर समोरचा विचारतो, अहो पण भाव काय? तिनं विचारलं नाही.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, एजंट आता माझ्या अंगावर येईल." मी म्हणालो, "येऊ दे, तुला माझा पुतण्या कशाला केलाय?" तिकीट होतं तिथंच राहिलं.

नात दलाली मागत होती. सौदा जमला की दलालाला त्याचं द्यावं लागतं, हेही मीच शिकवलेलं. मी म्हणालो, "माग." मला वाटलं खेळणं मागेल. ती म्हणाली, "मला दोन्ही आज्यांचा फोटो पाहिजे. एका फोटोत. माझ्याकडे नाही."

खरंच नव्हता. सात वर्षांत मी एकदाही मनमाडला गेलो नव्हतो. नाशिकहून गाडीनं असं किती लांब आहे ते? विहीणबाईंचा फोन आला की मी बायकोकडे द्यायचो. व्याह्यांच्या दिवसांनाही मी पुतण्याला पाठवलं होतं.

उरलेले महिने गेले. त्यातलं सांगण्यासारखं फार नाही, कारण चांगले गेले. शनिवारी तो म्हातारा शेतकरी मला लांबून बघितलं की खिशातला मोठा रुमाल काढून हात पुढं करायचा. बायको रोज लेकीच्या डोक्याला तेल लावायची. एवढ्या मोठ्या बाईला ऑफिसला जायच्या आधी तेल लावून घेताना बघून जावई पहिल्यांदाच स्वतःहून माझ्याशी बोलला. म्हणाला, "बाळंतपणात माझी आई हिच्या डोक्याला तेल लावायची तेव्हा ही रडायची. आईला वाटायचं, तेल गरम आहे."

नाशिकला परतल्यावर झोपेचं वेळापत्रक जाग्यावर आलं आणि आम्ही मनमाडची गाडी पकडली. बायकोनं लेकीनं दिलेली पिशवी घेतली होती. मी जाताना द्राक्षं घेतली, आणि भाव न करता घेतली. दुकानदारानं मला ओळखलं होतं. त्यानं दोनदा विचारलं, "शेठ, तब्येत बरी आहे ना?"

विहीणबाईंचं घर स्टेशनापासून चालत जाण्याएवढं. दार उघडंच होतं. त्या ठेंगण्या, केस पूर्ण पांढरे, पायांत मोजे. त्यांनी मला बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला. वाटेत गाडीत मी बोलायचं काय ते ठरवलं होतं. दारात ते सगळं विसरलो.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "रस्ता सापडला?"

टोमणा होता, आणि तो मला लागू होता. मी म्हणालो, "उशीर झाला जरा."

"सात वर्षं म्हणजे मनमाडच्या गाडीला काही उशीर नाही. बसा."

त्यांनी पाणी दिलं. मी म्हणालो, "ताई, माझ्या लेकीचं तुम्ही फार केलंत. मी कधी म्हटलं नाही."

"माझीपण सून आहे की ती." त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. "ताई, पण एक सांगते. मी सगळं केलं. शेक दिला, लाडू केले, बाळाला न्हाऊ घातलं. पण कळा सुरू झाल्या तेव्हा माझा हात धरून ती आई आई करत होती. मी म्हटलं, मी आहे ना. तर म्हणते कशी, तुम्ही आहात, पण तुम्ही आई कुठं आहात?" त्या हसल्या. "मला वाईट नाही वाटलं. मलापण माझ्या वेळेस माझी आईच पाहिजे होती. तुमच्या आधीच मी पोचले याचंच जरा वाईट वाटत होतं. तुमची जागा घेऊन बसल्यासारखं. तुम्ही कधी आला नाहीत, मला वाटलं, त्याचाच राग असेल."

बायकोनं पदरानं डोळे टिपले.

मी उठलो. "फोटो काढायचा आहे," मी म्हणालो. "तिकडे एक दलाल वाट बघतोय."

दोघींना दिवाणावर शेजारी बसवलं. मागं व्याह्यांचा हार घातलेला फोटो आणि रेल्वेचं घड्याळ. मी फोन डोळ्यांसमोर धरला. मला तो नीट धरता येत नाही, बोट मधे येतं. मी "जरा जवळ सरका" म्हणालो. विहीणबाईंनी बायकोचा हात हातात घेतला आणि मांडीवर ठेवला. मग पदर सरकला की मुद्दाम ओढला, सांगता येत नाही, पण त्यांच्या नऊवारीचा पदर दोघींच्या हातांवर आला. पदराखाली काहीतरी हललं. एकीनं दुसरीचं काहीतरी दाबलं, आणि दुसरीनंही. बायकोची मान हळूच हलली, सौदा पटल्यावर हलते तशी.

मी फोन खाली घेतला आणि खिडकीतून बाहेर आभाळाकडे बघत उभा राहिलो.